जहाजावरील वऱ्हाड व इतर उतारू

आमच्या थोरल्या बंधूंचें सहस्रचंद्रदर्शन येत्या पौषांत आहे. ही शांति घरीं, अंगणांत मांडव घालून करावयाची, अशी आमच्याकडील पूर्वापार रीत. परंतु पुणें, मुंबई, बडोदें आणि अमेरिका अशा चार दिशांस पांगलेलें कुटुंब एकत्र आणावें कसें, हा विचार निघाला, तेव्हां मधल्या बंधूंच्या चिरंजीवानें एक नवीन कल्पना पुढें मांडली. "काका, मुंबईहून तीन दिवसांची क्रूझ घेऊं. आपण सारीं मिळून ४३ माणसें. खोल्या तयार, जेवण तयार, आचाऱ्यामागें धांवायला नको. एक दिवस तिथलें नाट्यगृह आपल्यापुरतें मागून घेऊं, आणि संध्याकाळीं डेकवर सनई लावूं." मुलें आनंदलीं. दादाही हंसले. तेवढ्यांत थोरल्या वहिनींनीं सुपारी कातरतां कातरतां विचारलें, "आणि त्या जहाजावर दुसरीं माणसें असतील, त्यांचें काय रे? त्यांनीं तिकीट आपला समारंभ पाहायला काढलेलें असतें का?"

प्रश्न साधा, पण त्याचें उत्तर आमच्यांपैकीं कोणापाशींच नव्हतें. म्हणून मीं या विषयाची थोडी चौकशी केली. असे बेत आतां पुष्कळ घरांत होऊं लागले आहेत. तेव्हां त्या चौकशींतून जें हातीं आलें, तें वाचकांपुढें ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं.

मोठा परिवार बरोबर घेऊन प्रवास करणें ही कांहीं अलीकडची टूम नव्हे. आजच्या पर्यटन-व्यवसायाचा पायाच अशा परिवारानें घातला. ५ जुलै १८४१ रोजीं थॉमस कुक नांवाच्या मद्यपाननिषेधाच्या प्रचारकानें इंग्लंडांतील लेस्टर गांवाहून लफबरो येथें सुमारें ५०० माणसें माणशीं एक शिलिंग घेऊन आगगाडीनें नेलीं. गाडी खास त्यांच्यासाठीं सोडलेली होती. अर्थात् त्यांच्या गाण्याबजावण्यानें दुसऱ्या कोणाची झोंपमोड होण्याचा प्रश्नच नव्हता. पुढें १८६७ सालीं अमेरिकेंतील ब्रुकलिन येथील एका चर्चच्या मंडळींच्या पुढाकारानें 'क्वेकर सिटी' ही आगबोट न्यूयॉर्कहून युरोप व पवित्र भूमीच्या यात्रेस निघाली. तिच्यावर वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून मार्क ट्वेन हा लेखक होता. सोबतच्या भाविक मंडळींच्या सायंप्रार्थना आणि त्यांचें गांभीर्य त्याला फारसें मानवलें नाहीं. त्या अनुभवावर त्यानें १८६९ सालीं 'द इनोसंट्स अब्रॉड' हें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि त्यांत या सहप्रवाशांची यथेच्छ थट्टा केली. दुसऱ्याच्या मेळाव्यांत सांपडलेल्या एकट्या उतारूची ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध कैफियत असावी. पण ज्याच्यापाशीं ट्वेनची लेखणी नाहीं, त्यानें काय करावें?

केवळ सुखविहारासाठीं जहाज सोडून त्यावरील जागा ज्याला त्याला विकावयाच्या, हा प्रकार त्यानंतर रूढ झाला. जर्मनींतील आल्बर्ट बालिन यानें हिंवाळ्यांत अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी असतात हें पाहून २२ जानेवारी १८९१ रोजीं 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हें जहाज २४१ उतारूंसह भूमध्य समुद्राच्या सफरीवर पाठविलें. अशा रीतीनें दोन प्रवाह निर्माण झाले: एक, आपला परिवार घेऊन निघणाऱ्यांचा, दुसरा, आपापलें तिकीट काढून येणाऱ्यांचा. हे दोन प्रवाह एकाच जहाजावर येऊन मिळाले, म्हणजे वहिनींचा प्रश्न उभा राहतो.

जहाजकंपन्यांचा व्यवहार असा असतो. कोणी संपूर्ण जहाजच भाड्यानें घेतो. त्यास चार्टर म्हणतात. असा करार झाला कीं ज्यांनीं त्या तारखेचीं तिकिटें आधींच काढलेलीं असतात, त्यांस दुसरी सफर घ्या अगर पैसे परत घ्या, असें कळविलें जातें. यांत मनस्ताप होतो खरा, पण तो किनाऱ्यावर असतांनाच होतो. दुसरा प्रकार समूहाचा. पुष्कळ कंपन्यांत ८ खोल्या व १६ माणसें झालीं कीं समूह धरला जातो आणि त्यास कांहीं सवलती मिळतात. सोळा जणांचा कोणास उपसर्ग होणार? परंतु हाच समूह कधीं चारशें, कधीं हजार माणसांचा असतो: एखाद्या कंपनीचे विक्रेते, एखाद्या धर्मपंथाचे अनुयायी, ब्रिज खेळणारी मंडळी किंवा एखादें लग्नाचें वऱ्हाड. जहाज बंदरांतून सुटलें कीं रिकाम्या राहिलेल्या खोलीचें मोल शून्य होतें. म्हणून शेंकडों खोल्या एकदम घेणारें गिऱ्हाईक कोणत्याही कंपनीस हवेंच असतें. मात्र असा समूह सोबत आहे, हें इतर उतारूंस पुष्कळदां जहाजावर पाऊल ठेवल्यावरच समजतें.

येथें कोणी म्हणेल, जहाजें आतां एवढालीं झालीं आहेत, मग अडचण कसली? २०२४ सालीं मायामीहून पहिल्या सफरीस निघालेलें 'आयकॉन ऑफ द सीज' हें जहाज पूर्ण भरल्यास ७,६०० उतारू नेऊं शकतें. परंतु अडचण पलंगांची नसतेच. पलंग ज्याचा त्याला मिळतो; मुख्य नाट्यगृह मात्र एकच असतें. भोजनगृहांत जेथें दोन पंगती उठतात, तेथें सोयीची पंगत एकच असते. पोहण्याच्या तलावाकांठच्या खुर्च्या मोजक्या असतात, आणि ज्या दिवशीं जहाज कोणत्याच बंदरास लागत नाहीं त्या दिवशीं सारींच माणसें त्यांभोंवतीं जमतात.

शिवाय आणखी एक भेद आहे. पूर्वीं मुंबईहून कोंकणांत आगबोटी जात, तेव्हां त्यांवर वऱ्हाडें असत, गणपतीस जाणारीं आळीच्या आळी असत. गर्दीचा त्रास होई. पण रत्नागिरीचें बंदर आलें कीं तो संपे, कारण बोट हें केवळ साधन होतें. क्रूझवर तसें नसतें. तेथें जहाज हेंच मुक्कामाचें ठिकाण, आणि त्यावरील नाट्यगृह, भोजन व निवांत डेक हाच पैसे मोजून घेतलेला माल. तो दुसऱ्यानें व्यापला, तर मालच पदरीं पडला नाहीं, असें होतें.

या बाबतींतील एक उदाहरण आपल्या देशाशीं संबंध असलेलें आहे, म्हणून तें सांगणें भाग आहे. सप्टेंबर २०१८ मध्यें सिडनी बंदरांतून 'व्हॉयेजर ऑफ द सीज' हें जहाज तीन दिवसांच्या सफरीवर निघालें. तीन हजारांहून अधिक उतारूंची सोय असलेल्या या जहाजावर सुमारें १,३०० जण भारतांतील एका पानमसाल्याच्या कंपनीचे होते. परत आल्यावर इतर उतारूंनीं ज्या तक्रारी केल्या, त्या ऑस्ट्रेलियांत व आपल्याकडेही प्रसिद्ध झाल्या. डेकवरील जागा व मद्यगृहें या मंडळींनीं व्यापलीं, त्यांच्यासाठीं नर्तिकांचे कार्यक्रम झाले, आणि कांहीं पुरुष अनोळखी स्त्रियांचीं चित्रें त्यांच्या संमतीवांचून टिपत राहिले, अशा त्या तक्रारी होत्या. शेवटीं जहाजकंपनीनें तक्रार करणाऱ्यांस पैसे परत देऊं केले.

हें वाचून आपली मान खालीं जाते, आणि ती जावी हेंच योग्य. परंतु येथें दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. स्त्रियांस न विचारतां त्यांचीं चित्रें घेणें हें एकानें केलें काय आणि हजारांनीं केलें काय, तें गैरच. तो वर्तनाचा दोष. दुसरा दोष व्यवस्थेचा. हे तेराशें जण अत्यंत सभ्य असते, रोज सायंकाळीं नाट्यगृहांत बसून स्तोत्रेंच म्हणत असते, तरीही बाकीच्यांस नाट्यगृह बंदच राहिलें असतें.

या दुसऱ्या दोषाचा बोभाटा होत नाहीं, पण तो अधिक वेळां घडतो. कल्पना करा: एखादे निवृत्त शिक्षक व त्यांच्या पत्नी. मुलांचीं शिक्षणें, लग्नें, घराचे हप्ते यांतून उरलेल्या पैशांत दोघांनीं आयुष्यांतील ही एकच समुद्रसफर ठरविली. संध्याकाळीं ठेवणींतलें लुगडें नेसून बाई नाट्यगृहाशीं येतात, तों दारावर पाटी: खासगी कार्यक्रम. दुसऱ्या मजल्यावरील दिवाणखान्यांत यावें, तर तेथेंही तीच पाटी. कोणी त्यांचा अपमान करीत नाहीं. उलट सारे हंसून नमस्कार करतात. तरी तीन दिवस त्यांना असेंच वाटत राहतें कीं, आपण आमंत्रणावांचून कोणाच्या तरी लग्नघरांत शिरलों आहोंत. पैसे भरून परकेपण विकत घ्यावें, यासारखी दुसरी खंत नाहीं. आणि पैसे परत मिळाले तरी ती संध्याकाळ परत येत नाहीं.

मग यांत चुकतें कोठें? पुण्याच्या जुन्या वाड्यांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना उत्तर शोधावें लागणार नाहीं. चौकांत मालकांच्या नातवाची मुंज असे, तेव्हां मालकीणबाई दोन दिवस आधीं प्रत्येक बिऱ्हाडकरूच्या दाराशीं जात. "परवां सकाळीं नळ आमच्याकडे राहील हो, पाणी आदल्या रात्रीं भरून ठेवा. गलका होईल, सांभाळून घ्या. आणि जेवायला सगळ्यांनीं खालींच यायचें." गैरसोय तीच, गलका तोच, पण आधीं सांगितल्यानें ती गैरसोय परकी राहत नसे. जहाजावर हजार अनोळखी माणसांस जेवावयास बोलावणें शक्य नाहीं. आधीं सांगणें मात्र शक्य आहे, आणि तें पहिलें कर्तव्य कंपनीचें आहे. एकच नाट्यगृह तिनें दोघांस विकलेलें असतें. तेव्हां तिकीट घेतांनाच तें सांगावें, आणि मागाहून समूह ठरल्यास तारीख बदलण्याची मुभा द्यावी.

समूहाचें कर्तव्य दुसरें. आषाढी वारींत ज्ञानेश्वर महाराजांच्या रथापुढें २७ दिंड्या चालतात आणि मागें आणखी कितीएक. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, प्रत्येकीची जागा ठरलेली. म्हणून एवढा समाज एका रस्त्यानें जाऊं शकतो. जहाजावरील समूहानेंही आपली जागा व वेळ आंखून घ्यावी. मुख्य नाट्यगृह संध्याकाळीं मागूं नये. जहाज बंदरास लागून बहुतेक उतारू गांव पाहावयास उतरलेले असतात, त्या वेळीं लहानसें सभागृह मागावें. पंचे टाकून खुर्च्या अडवूं नयेत. भोजनगृहांत चाळीस जणांनीं एकाच कोपऱ्यांतून एकमेकांस हांका मारूं नयेत. आणि समूहांतील एका जबाबदार माणसाचें नांव जहाजाच्या अधिकाऱ्यांस दिलेलें असावें, म्हणजे तक्रार आल्यास ती कोणाच्या तरी कानीं पडेल.

राहिला एकटा उतारू. त्यानें भीड न धरतां तिकिटापूर्वीं तीन प्रश्न लेखी विचारावे: या सफरीवर मोठा समूह आहे काय? असल्यास किती माणसांचा? कोणत्या जागा कोणत्या वेळीं त्यांच्याकडे राहणार? जहाजावर गेल्यावर ध्यानांत आलें, तर पहिल्याच दिवशीं स्वागतकक्षांत जाऊन शांतपणें सांगावें. जेवणाची पंगत किंवा खोली बदलून मिळावयाची, तर ती पहिल्या दिवशींच मिळते. तिसऱ्या दिवशीं केवळ दिलगिरी मिळते.

आतां आमच्या घरचें सांगतों. जहाजावर आगीच्या भयामुळें उघडी ज्योत लावूं देत नाहींत. उदबत्तीसुद्धां चालत नाहीं. तेव्हां होम तर दूरच, निरांजनही लावतां येणार नाहीं, हें कळल्यावर वहिनींनीं निकाल दिला कीं, शांति आणि औक्षण घरींच, तिथीस. सफर मागाहून, आणि तिच्यांत समारंभ एवढाच कीं, जहाज गोव्यास लागलें असतांना सकाळीं दोन तास लहान सभागृहांत दादांच्या आठवणी ऐकावयाच्या. सनई रद्द झाली. जेवावयास सहा-सहांच्या मेजांवर विखरून बसावयाचें ठरलें.

जागा नोंदवितांना पुतण्यानें कंपनीस वरील तीन प्रश्न विचारले. उत्तर आलें: त्याच सफरीवर एका व्यापारी संस्थेच्या चारशें माणसांचा मेळावा असून नाट्यगृह दोन्ही रात्रीं त्यांच्याकडे राहील. चारशेंपुढें आमचे ४३ म्हणजे दुसरीं माणसेंच कीं! न विचारतां हें आम्हांस कोणी सांगितलें नसतें. आम्ही पुढच्या आठवड्याची सफर घेतली. वहिनींना हें सांगितलें, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "त्या आधीच्या सफरीवर कोणी म्हातारीं दोघें असतील, त्यांनाही कोणीतरी सांगायला हवें होतें."