महाडची शताब्दी एका दिवसात उरकू नका

20 मार्च 2027 रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती दहनाचीही शताब्दी आहे. त्या दिवशी महाडला मोठा जनसमुदाय लोटेल, त्याची चिंता नको. चिंता वेगळी आहे. सकाळी बस येते, तळ्यावर अभिवादन होते, क्रांतिस्तंभासमोर फोटो निघतात, पुस्तकांच्या स्टॉलवर एक फेरी होते, दुपारी नेत्यांची भाषणे होतात आणि संध्याकाळी बस परत फिरते. शताब्दीचे वर्षही असेच दोन दिवसांत संपले, तर महाडच्या आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांच्या हातात काय उरेल?

म्हणून आमची सूचना आहे की 20 मार्च आणि 25 डिसेंबर या दोन तारखांमधले नऊ महिने हाच शताब्दीचा कार्यक्रम समजावा. गाणे, नाटक, चित्रपट, वाचन, धम्मकार्य असे सगळे त्यात बसते. हे नऊ महिने आम्ही मनाने ठरवलेले नाहीत. 1927 साली लढा याच नऊ महिन्यांत पुढे सरकला होता.

1927 च्या नऊ महिन्यांत काय घडले?

ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने 1924 मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. तळ्यावर जायची सोय मात्र झाली नाही.

19 आणि 20 मार्च 1927 रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी पायाला भिंगरी लावून काम केले होते. परिषदेला आलेल्या लोकांसाठी तब्बल 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात तळे भरलेले असताना ही पाळी आली, यावरून त्या काळचे महाड कळते. 20 तारखेला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले.

इथून पुढचा भाग आपल्या भाषणांत फारसा येत नाही. 3 एप्रिल 1927 रोजी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तळे खुले करणारा आपला जुना ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तेव्हा तळे खासगी असल्याचा दावा करून सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. सभेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेत माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. मनाई हुकूम असल्यामुळे तळ्यावर जाणे पुढे ढकलले, पण लोकांनी शिस्तीने मिरवणूक काढली. परिषदेनंतर बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेऊन पेहराव, दागिने आणि मुलामुलींचे शिक्षण यावर मार्गदर्शन केले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 रोजी, म्हणजे पाणी प्यायल्यानंतर दहा वर्षांनी.

थोडक्यात, परिषद, हल्ला, वृत्तपत्र, नगरपालिकेची माघार, कोर्टकचेरी, पुन्हा परिषद अशी ही साखळी आहे. एका दिवसाच्या अभिवादनात ती साखळी दिसत नाही. कार्यक्रम वर्षभर मांडले तर दिसते.

कार्यक्रमपत्रिका कशी असावी?

मार्च: 2027 मध्ये 20 मार्च हा शनिवार आहे. अभिवादन त्या दिवशी होईलच. 21 तारखेचा रविवार महाडमधल्या स्थानिक कलावंतांसाठी राखून ठेवावा. आसपासच्या गावांतील गायन पार्ट्या, शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींची पथनाट्ये, भित्तिचित्रे यांना तो दिवस मिळावा. बाहेरचा नामवंत गायक आदल्या रात्री गाऊ दे, पण दुसऱ्या दिवशी मंच गावाचा असावा.

एप्रिल: 3 तारखेला प्रत्येक वस्तीत हाताने लिहिलेले भित्तिपत्रक लावावे. आपल्या गावाच्या बातम्या, गावचे प्रश्न, एक अग्रलेख, एक कविता. ‘बहिष्कृत भारत’ का काढावे लागले हे मुलांना याहून सोप्या रीतीने समजणार नाही. पुढे 11 एप्रिल आणि 14 एप्रिलच्या जयंत्यांना याच भित्तिपत्रकांचे प्रदर्शन मांडता येईल.

वैशाख पौर्णिमा: महाडजवळ पाले गावी गांधारपाले लेणी आहेत आणि सावित्रीच्या पलीकडे कोल येथेही लेणी आहेत. कोकणात धम्म किती जुना आहे याची ही साक्ष आपण गाडीच्या खिडकीतून पाहतो आणि पुढे जातो. बुद्ध पौर्णिमेला तरुणांचा लेणी अभ्यासवर्ग घ्यावा. चैत्य कोणता, विहार कोणता, दान देणारे कोण होते, हे जाणकाराकडून समजून घ्यावे. लेणी संरक्षित आहेत. तिथे मेणबत्त्या, रंग, स्पीकर काही नेऊ नये. त्रिसरण-पंचशील म्हणावे, पाहावे, लिहून घ्यावे आणि कचरा आपल्यासोबत परत आणावा.

वर्षावास: आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होतेच. शताब्दीच्या वर्षी त्याला आठवड्यातून एक दिवस महाडच्या इतिहासाची जोड द्यावी. 1927 ची भाषणे आणि ठराव उपलब्ध आहेत. ते तरुणांनी मोठ्याने वाचावेत आणि ज्येष्ठांनी त्यावर बोलावे.

ऑगस्ट: नगरपालिकेने ठराव रद्द केला त्याची आठवण म्हणून आपापल्या गावात पाणीपाहणी करावी. सार्वजनिक विहीर कुठे आहे, नळ कोणत्या वस्तीपर्यंत येतो, उन्हाळ्यात टँकर आधी कुणाकडे जातो, हे वहीत नोंदवावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. शंभर वर्षांपूर्वीचा कागदी ठराव प्रत्यक्षात आणण्यासाठी लोकांना चालत जावे लागले होते. आजचे ठराव कुठे अडले आहेत हे पाहणे आपल्या हातात आहे.

डिसेंबर: 6 तारखेला महापरिनिर्वाण दिनाचे अभिवादन आणि 25 तारखेला मनुस्मृती दहनाची शताब्दी. तोही शनिवारच आहे. 25 डिसेंबरचा मंच पूर्णपणे स्त्रियांकडे असावा. सूत्रसंचालन, भाषणे, गाणी, हिशेब, सगळे. उपासिका संघ आणि मुलींनी नऊ महिने तयारी केली तर हे सहज शक्य आहे. मंचावर बारा पुरुष आणि स्वागताला दोन मुली हे चित्र त्या दिवशी तरी दिसू नये.

डीजे की जलसा?

तरुणांना नाचायला आवडते, त्यात वावगे काही नाही. पण आपल्या चळवळीने मनोरंजनाचा एक स्वतंत्र प्रकार घडवला आहे आणि तो विसरणे परवडणारे नाही. सत्यशोधक जलशांनी वाट पाडली. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. चौकट तमाशाची ओळखीची होती, आशय मात्र शिक्षणाचा, स्वाभिमानाचा, हक्कांचा होता. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही परिषदेत काय ठरले ते जलशातून कळत असे. वामनदादा कर्डक यांनी हेच काम गीतांतून केले.

जलसा बसवायला मोठा खर्च लागत नाही. ढोलकी, पेटी, टाळ, चार-पाच आवाज आणि एक लिहिणारा लागतो. महाडच्या नऊ महिन्यांत वगाचे विषय तयारच आहेत. नगरपालिकेची ठराव करणारी आणि ठराव मोडणारी सभा, देवळाची अफवा पसरवणारा माणूस, कोर्टातला ‘तळे कुणाचे’ हा वाद. यावर हसवता येईल आणि विचारही करायला लावता येईल. कोकणातल्या तरुणांना जाखडीची लय अंगात मुरलेली असते. तीही वापरावी.

नाटकवाल्यांसाठी प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका आहे. तिला मोठे नेपथ्य लागत नाही. चित्रपटांत जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ आहे. शाहीर विलास घोगरे आणि 1997 च्या रमाबाई नगर गोळीबारावरचा आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट आहे. विहारात पडदा लावून चित्रपट दाखवावा आणि नंतर अर्धा तास चर्चा ठेवावी. लेखकाची आणि दिग्दर्शकाची परवानगी मात्र आधी घ्यावी.

मुंबई मंडळ आणि गाव मंडळ

कोकणातल्या बहुतेक गावांची दोन मंडळे असतात, एक गावात आणि एक मुंबईत. पैसा मुंबईतून येतो आणि राबायला गावात माणसे कमी. कार्यक्रम कधी ठरला हे गावाला पत्रिका छापल्यावर कळते, अशी तक्रार आम्ही अनेक ठिकाणी ऐकतो. शताब्दीसाठी दोन्ही मंडळांची एकच समिती असावी आणि तिच्यात तीस वर्षांखालचे सदस्य निम्मे असावेत.

मार्चसाठी एक धोक्याची सूचना. 2027 मध्ये फाल्गुन पौर्णिमा 20 मार्चच्या पाठोपाठच येते. म्हणजे ऐन शिमग्याची गर्दी असेल. कोकण रेल्वेच्या गाड्या आणि मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही तुंबलेले असतील. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते, तेव्हा जानेवारीच्या मध्यालाच वीर स्थानकापर्यंतची तिकिटे काढण्याची तयारी ठेवावी. एसटीच्या बसही गटाने आधी ठरवाव्यात.

परवानग्यांचे काम एका माणसावर सोडू नये. मैदानासाठी नगरपरिषद, ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाणे, नाटकासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, हे सर्व आधी लागते. रात्री 10 नंतर स्पीकर बंद करावा लागतो, हे गृहीत धरूनच कार्यक्रम संध्याकाळी वेळेवर सुरू करावा. पुढाऱ्यांच्या सत्कारात दोन तास गेले की गाणाऱ्या मुलांना शेवटी दहा मिनिटे मिळतात. हा अन्याय आपल्याच मंचावर होतो. पाण्याची सोय, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे आणि वृद्धांसाठी सावली यांचा खर्च मंडपाच्या रोषणाईआधी बाजूला काढावा. कार्यक्रम संपल्यावर पंधरा दिवसांत हिशेब विहारात वाचून दाखवावा.

महाड शहरालाही बोलवा

1927 च्या लढ्यात टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण समाजातले सहकारी होते. मनुस्मृती दहनाचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. फत्तेखान यांचा उल्लेख वर आलाच आहे. शताब्दीचे कार्यक्रम फक्त आपल्या वस्तीत झाले, तर तळे सर्वांसाठी खुले करणारा लढा पुन्हा एका वस्तीपुरता राहील. शहरातल्या शाळा, वाचनालये, व्यापारी, सर्व जातिधर्मांची तरुण मंडळे यांना निमंत्रण द्यावे. जुलै 2021 च्या महापुरात महाड पाण्याखाली गेले आणि तळीये गावावर दरड कोसळली. तेव्हा चिखल उपसायला आणि जेवण पोहोचवायला माणसे जात विचारून आली नव्हती. ती ओळख कार्यक्रमांत उतरायला हवी.

प्रत्येक तरुण मंडळाने येत्या महिन्यात तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. नऊ महिन्यांतला एक कार्यक्रम आपला म्हणून निवडावा, त्याची जबाबदारी पाच नावांवर सोपवावी आणि त्या पाचांत किमान दोन मुली असाव्यात. मोठ्या मंचाची वाट पाहू नये. महाडची परिषद यशस्वी झाली ती गावोगाव चालत जाऊन निरोप देणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या, रांगा लावणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कुणालाच ठाऊक नाहीत. शताब्दीच्या निमित्ताने आपल्या गावातून 1927 ला महाडला कोण गेले होते, एवढे जरी आजी-आजोबांना विचारून लिहून काढले, तरी ते मोठे काम होईल. आजची पिढी विचारू शकेल अशी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. तेव्हा सुरुवात याच आठवड्यात करा.

जय भीम! नमो बुद्धाय!