डोक्यातून आलेली नळी: पलंग हलवण्याआधी सिस्टरला का सांगायचं?

धुळे-जळगाव हायवेवर अपघात झाला, डोक्याला जबर मार लागला, की कधीकधी आयसीयूत पेशंटच्या डोक्यातून बारीक नळी काढलेली दिसते. ही ईव्हीडी. मेंदूत रोज साधारण 500 मिली पाणी तयार होतं. ते अडलं की कवटीतला दाब वाढतो. नळी ते बाहेरच्या पिशवीत उतरवते.

सगळा खेळ उंचीचा. मोजपट्टीचा शून्य कानाच्या छिद्राच्या रेषेत ठेवतात. पलंग वर गेला तर पाणी भराभर वाहतं, मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. पलंग खाली गेला तर निचरा थांबतो. म्हणून पेशंटला हलवण्याआधी सिस्टर नळी बंद करतात, पातळी लावून पुन्हा उघडतात. उशी सारखी करायची असली तरी आधी त्यांनाच हाक मारा. पाणी अचानक लाल दिसलं किंवा पेशंट गुंगीत जायला लागला, तर लगेच.