रात्रींत उतरणारी बॅटरी

सकाळीं मोटार बाहेर काढण्याची वेळ व्हावी, किल्ली फिरवावी, आणि एंजिनानें कण्हल्यासारखा आवाज करून गप्प बसावें, हा अनुभव शहरांतील मोटारवाल्या कुटुंबांना नवा नाहीं. अशा वेळीं सारा दोष बॅटरीच्या माथीं बसतो. नवी बॅटरी येते, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं तोच प्रकार पुन्हां घडतो. बॅटरी उतरली हें खरें. पण ती आपणहून उतरली, कीं गाडी उभी असतांना कोणी तिच्यांतील वीज नेली, हा प्रश्न त्या घाईंत विचारलाच जात नाहीं. वीज नेणारा असा एक चोर, आणि तोहि पुष्कळदां नजरेआड राहणारा, म्हणजे इग्निशनचा, अर्थात् एंजिनांत ठिणगी पाडणाऱ्या व्यवस्थेचा, मार्ग होय.

ठिणगीचा आणि बॅटरीचा हा संबंध आरंभीं सर्वच मोटारींत नव्हता. आरंभींच्या पुष्कळ मोटारींत ठिणगीसाठीं मॅग्नेटो असे. तो एंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज उत्पन्न करी; एंजिन थांबलें कीं वीजहि थांबे. पुढें १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रज्ञाच्या योजनेप्रमाणें विजेचा स्टार्टर, दिवे आणि ठिणगी यांची एकत्र जोडणी झाली. तिच्या मुळाशीं बॅटरी व तिला भरणारा डायनॅमो होता. हँडल मारण्याचे कष्ट वांचले. परंतु एंजिन उभें असतांनाहि वीज वाहूं शकेल अशी एक वाट त्याबरोबरच उघडली. ती मिटून ठेवण्याचें काम एका लहानशा खटक्याकडे, इग्निशन-स्विचकडे, आलें.

जुन्या पद्धतीच्या गाडींत हा प्रकार फार स्पष्ट दिसतो. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ सालापर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी हें त्याचें ओळखीचें उदाहरण. अशा गाडींत बॅटरीची वीज किल्लीच्या स्विचमधून कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यांत जाते, आणि तेथून डिस्ट्रिब्यूटरमधील ‘पॉइंट’ नांवाच्या दोन टिकल्यांतून गाडीच्या लोखंडी सांगाड्याला मिळते. एंजिन फिरत असतांना पॉइंट सारखे उघडतात व मिटतात. उघडण्याच्या क्षणीं कॉइलच्या बारीक तारेच्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन ठिणगी पडते.

एंजिन थांबलें कीं पॉइंट ज्या स्थितींत असतील त्याच स्थितींत राहतात. ते उघडे राहिले, तर स्विच चालू असूनहि कॉइलमधून कांहीं वाहत नाहीं. मिटलेले राहिले, तर प्रवाह अखंड सुरू होतो. कॉइलचा विरोध ३ ओहम धरला, तर १२ व्होल्टांच्या दाबानें ४ अँपिअर वीज जाणार, आणि ४० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी सुमारें १० तासांत, म्हणजे एका रात्रींत, रिकामी होणार. ही सारी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून एंजिन निवल्यावरहि कॉइल हाताला गरम लागली, तर तो उत्तम पुरावा समजावा. पॉइंटांच्या या लहरीमुळेंच गाडी एके दिवशीं रुसते व दुसऱ्या दिवशीं, नेमकी मेकॅनिकच्या दारांत, शहाण्यासारखी वागते. मालकाला खोटें पाडणारा इतका पटाईत बिघाड दुसरा नसेल.

किल्ली काढून घेतल्यावर स्विच चालू राहतोच कसा, ही शंका योग्य आहे. पुष्कळ गाड्यांत किल्लीचें कुलूप आणि त्यामागील विजेचा स्विच हे दोन निराळे भाग असतात. त्यांना जोडणारा दांडा झिजला, किंवा स्विचमधील टिकल्या जळून चिकटल्या, कीं किल्ली हातांत येते, पण आंतील वाट मिटत नाहीं. किल्ली काढूनहि चार्जिंगचा तांबडा दिवा मिणमिणत राहिला, पंखा अगर रेडिओ बंद झाला नाहीं, तर संशयाला जागाच उरत नाहीं.

नव्या गाड्यांत पॉइंट गेले आणि त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणानें घेतली. एंजिन न फिरल्यास तें कॉइलची वीज स्वतःच तोडतें. परंतु स्विच किंवा त्याचा रिले चिकटला, तर नियंत्रणाचे सारे संच रात्रभर जागे राहतात. निरोगी गाडी झोंपेंत साधारण २० ते ५० मिलिअँपिअर वीज घेते. ५० मिलिअँपिअरनें ४० अँपिअर-तासांची बॅटरी संपण्यास ८०० तास, म्हणजे महिन्याहून अधिक काळ, लागेल. तेंच एक अँपिअर वाहूं लागलें, तर दोन रात्रीहि निघणार नाहींत.

तेव्हां नवी बॅटरी घेण्यापूर्वीं हा प्रवाह मोजावा. किल्ली काढून, दारें लावून, बॅटरीच्या ऋण टोंकाची तार सोडवावी, आणि टोंक व तार यांच्यामध्यें १० अँपिअरच्या मापावर मल्टिमीटर जोडावा. नव्या गाडीला झोंपीं जाण्यास अर्धा तास द्यावा. या अवस्थेंत स्टार्टर मात्र चुकूनहि फिरवूं नये; तो शंभराहून अधिक अँपिअर खेंचतो. आंकडा मोठा निघाल्यास कुलपांत किल्ली घालून किंचित् हलवावी. आंकडा एकदम खालीं आला, तर चोर सांपडला. न आल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्यानें आंकडा घसरेल त्या शाखेंत दोष. युरोपीय पद्धतीच्या स्विचवर बॅटरीकडील टोंकास ३०, इग्निशनच्या टोंकास १५ व स्टार्टरच्या टोंकास ५० हे अंक असतात. किल्ली काढल्यावर १५ वर वीज असतां कामा नये. असल्यास स्विचचा जोड सोडवावा. त्यानंतरहि १५ च्या तारेंत वीज राहिली, तर स्विच निर्दोष ठरतो, आणि ती रिलेमधून किंवा मागाहून बसविलेल्या एखाद्या उपकरणांतून उलटी येत आहे असें समजावें. सर्व फ्यूज काढूनहि आंकडा ढळला नाहीं, तर आल्टर्नेटरमधील डायोड तपासावे. त्यांची जाड तार बहुधा या फ्यूजांतून जात नाहीं.

स्विच बदलल्यावर उतरलेली बॅटरी चार्जरवर सावकाश पूर्ण भरावी. शहरांतील दोन मैलांच्या फेऱ्यांनीं ती भरत नाहीं. फार दिवस रिकामी राहिल्यास तिच्या शिशाच्या पत्र्यांवर गंधकयुक्त क्षार घट्ट बसतात, आणि मग ती खरोखरच निकामी होते. भरून एक रात्र सोडवून ठेविल्यावर ती सुमारें १२.६ व्होल्ट दाखवीत असेल, आणि मेकॅनिककडील भाराच्या परीक्षेंतहि टिकत असेल, तर जुनीच बॅटरी परत बसविण्यास हरकत नाहीं.