शिकारी रायफलीवरील दुर्बिणीची बैठक : निवड आणि निगा

रायफलीवर दुर्बीण बसविली की नेम आपोआप अचूक होतो, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः दुर्बीण लक्ष्य मोठे व स्पष्ट दाखविते, एवढेच तिचे कार्य. दुर्बिणीतील फुली जेथे टेकली असेल तेथे गोळी लागेल की नाही, हे दुर्बीण आणि नळी यांमधील कोन कायम राहतो की नाही यावर अवलंबून असते. हा कोन राखण्याचे काम ज्या लहानशा धातूच्या जोडणीकडे असते, तिला बैठक किंवा प्रचलित भाषेत 'माउंट' म्हणतात. दुर्बिणीसाठी मोठा खर्च करणारा मनुष्य बैठक मात्र हाती येईल ती घेतो, आणि सर्व दोषांचे मूळ बहुधा तेथेच असते.

कायद्याची मर्यादा

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असणे अगत्याचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. रानडुकरासारखा प्राणी मनुष्याच्या जीवितास किंवा उभ्या पिकास धोकादायक ठरल्यास, मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. केवळ शस्त्राचा परवाना जवळ असणे म्हणजे ही परवानगी नव्हे. म्हणून या लेखातील माहिती अशी लेखी परवानगी मिळालेल्या व्यक्ती, वनखात्याचे कर्मचारी आणि नेमबाजीचा सराव करणारे परवानाधारक यांच्या उपयोगाची आहे. ज्यांच्याकडे बारा बोअरची छर्‍याची बंदूक आहे, त्यांना दुर्बिणीची सहसा गरज नसते. त्या बंदुकीचा पल्लाच थोडा असतो.

कागदाच्या जाडीची चूक

बैठकीचे दोन भाग असतात. रायफलीच्या पाठीवर पक्का बसणारा तो पाया, आणि दुर्बिणीच्या नळीला वेढणार्‍या त्या कड्या. दोन कड्यांमध्ये 100 मिलिमीटर अंतर आहे आणि त्यांपैकी एक कडी केवळ 0.1 मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी सरकली, असे समजू. दुर्बिणीचा कोन तेवढ्यानेच असा बदलतो की 100 मीटरवर गोळी 10 सेंटीमीटर बाजूला पडते. शाळेतील समरूप त्रिकोणांचे हे साधे गणित आहे. परंतु प्रत्यक्षात या 10 सेंटीमीटरचा अर्थ असा, की मर्मस्थळी लागावयाची गोळी जनावराच्या पोटात किंवा पायात लागते. जखमी रानडुक्कर झुडपात शिरते, तासन् तास यातना भोगते, आणि सकाळी शेतावर जाणार्‍या माणसावर उलटते. बैठकीची निवड हा म्हणूनच केवळ हौसेचा विषय नाही.

पायाचे प्रकार

हवेच्या दाबावर चालणार्‍या रायफली आणि .22 बोअरच्या रायफली यांच्या पाठीवर बहुधा सुमारे 11 मिलिमीटर रुंदीची खाच कोरलेली असते. धक्का कमी असल्याने कड्या तिच्यावर चिमट्यासारख्या आवळल्या तरी चालतात. मोठ्या बोअरच्या रायफलींना आडव्या खाचा असलेली पट्टी लागते. तिचे दोन प्रकार प्रचलित आहेत. वीव्हर पद्धतीच्या पट्टीत खाच 4.57 मिलिमीटर रुंद असते आणि खाचांमधील अंतर सर्वत्र सारखे नसते. पिकॅटिनी पद्धतीचे माप अमेरिकेच्या सैन्याने 1995 मध्ये निश्चित केले. तीत खाच 5.23 मिलिमीटर रुंद आणि दोन खाचांच्या मध्यांमधील अंतर 10.01 मिलिमीटर असते. यावरून सहज ध्यानात येईल की वीव्हर पद्धतीची कडी पिकॅटिनी पट्टीवर बहुधा बसते. पिकॅटिनी पद्धतीची जाड आडपट्टी मात्र वीव्हरच्या अरुंद खाचेत जात नाही. कानस मारून ती बसविण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

आडव्या खाचेचे प्रयोजन असे : गोळी सुटताच रायफल झटक्याने मागे येते, परंतु दुर्बीण आपल्या जडत्वामुळे जागीच राहू पाहते, म्हणजेच रायफलीच्या मानाने पुढे सरकू पाहते. खाचेची पुढची कड तिला अडविते. कडी आवळण्यापूर्वी ती खाचेत पुढे दाबून धरावी, असे जाणकार सांगतात ते याच कारणास्तव.

आपल्या देशात ईशापूर येथील कारखान्याची .315 बोअरची स्पोर्टिंग रायफल पुष्कळ परवानाधारकांकडे आहे. तिची रचना ली-एनफिल्ड पद्धतीची असून जुन्या रायफलींवर दुर्बिणीसाठी तयार पाया बहुधा नसतो. अशा वेळी पोलादात छिद्रे पाडून आटे काढावे लागतात किंवा बाजूने बैठक जोडावी लागते. छिद्राची जागा वा खोली चुकल्यास बोल्टचे घर कमकुवत होते. हे काम गावातील लोहाराकडे किंवा मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात करून घेऊ नये. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार शस्त्रदुरुस्तीस परवाना आवश्यक असून काम अशा परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. तत्पूर्वी परवाना देणार्‍या कार्यालयाकडे विचारणा करणे श्रेयस्कर.

ली-एनफिल्डवर उत्तम बैठक कशी असावी याचे उदाहरण दुसर्‍या महायुद्धातील आहे. ब्रिटिश सैन्यासाठी 1942 पासून 'नंबर 4 (टी)' रायफली तयार झाल्या. डाव्या बाजूस दोन पक्के पाये बसवून त्यांवर साडेतीन पट मोठे दाखविणारी दुर्बीण दोन अंगठा-स्क्रूंनी जोडली जाई. दुर्बीण काढून पेटीत ठेवता येई. मात्र प्रत्येक बैठकीवर तिच्या रायफलीचा क्रमांक कोरलेला असे. एकीची बैठक दुसरीवर चालत नाही, ही शिस्त त्यामागे होती.

कड्यांचे माप आणि उंची

दुर्बिणीच्या नळीचा व्यास साधारणतः 25.4 मिलिमीटर, म्हणजे 1 इंच, किंवा 30 मिलिमीटर असतो. कडी त्याच मापाची हवी. मोठ्या कडीत कागद वा रबर भरून दुर्बीण बसविणे हा आत्मघातकी उपाय होय.

कडीची उंची शक्य तितकी कमी ठेवावी. गाल दस्त्यावर टेकलेला असतानाच डोळा दुर्बिणीच्या रेषेत आला पाहिजे. तथापि पुढच्या भिंगाचे घर नळीला टेकू नये. मध्ये 2 ते 3 मिलिमीटर फट असावी. बोल्टची मूठ पूर्ण उचलता येते काय आणि रिकामे काडतूस मोकळेपणाने बाहेर पडते काय, हेही पाहावे. डोळा आणि मागचे भिंग यांत दुर्बिणीच्या रचनेनुसार बहुधा 8 ते 10 सेंटीमीटर अंतर लागते. बैठक फार मागे असेल तर धक्क्यासरशी भिंगाची कड भुवईवर आदळते.

मोठ्या धक्क्याच्या रायफलीस पोलादाची बैठक खात्रीची. उत्तम अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची बैठक हलकी असते व गंजत नाही. सत्तरी, सांगे, खानापूर यांसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात हा गुण उपयोगी पडतो. पोलादी बैठकीस पावसाळ्यात तेलाचा पातळ हात देत राहावे.

जोडणी आणि चाचणी

स्क्रू लावण्यापूर्वी आट्यांतील तेल पुसून काढावे. सर्व स्क्रू प्रथम हलके बसवावेत आणि मग चाकाचे नट आवळतात त्याप्रमाणे समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. कडीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. उत्पादकाने जोराचे जे माप दिले असेल ते ओलांडू नये. अति आवळल्याने दुर्बिणीची नळी चेपते. काम पूर्ण झाल्यावर स्क्रूचा माथा आणि कडी यांवरून रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पुढे ती रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे नजरेने कळते.

यानंतर अधिकृत नेमबाजीच्या मैदानावर, जेवढ्या अंतरावरून प्रत्यक्ष उपयोग व्हावयाचा तेवढ्याच अंतरावर गोळ्या झाडून पाहाव्यात. गोळ्या एकाच ठिकाणी, पण फुलीपासून दूर लागत असल्यास दुर्बिणीच्या कळा फिरवून दोष दूर होतो. गोळ्या विखुरत असतील तर मात्र कळांना हात न लावता प्रथम बैठक तपासावी. रायफल पडली, जीपमधून दूरचा प्रवास झाला किंवा दुर्बीण काढून पुन्हा बसविली, तर ही चाचणी पुन्हा करणे आवश्यक आहे.

उत्तम बैठकीवरील दुर्बीणसुद्धा ओळख पटविण्याचे साधन नव्हे. अंधारात हललेले काय आहे हे पाहण्यासाठी रायफल उचलणे म्हणजे कदाचित राखणीला बसलेल्या शेजार्‍यावरच नळी रोखणे. पाहण्यासाठी विजेरी व हातातील दुर्बीण वापरावी. ओळख पटली, मागे माणूस वा घर नाही याची खात्री झाली आणि लेखी आदेश जवळ असला, तरच रायफलीवरील दुर्बिणीचे काम सुरू होते. त्या क्षणी ती तसूभरही हललेली नसावी, एवढ्यासाठी बैठकीची ही सारी काळजी घ्यावयाची असते.