जुन्या ट्रॅक्टरचे दिवे : दोष कसा शोधावा

गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात. ट्रॅक्टरचा पुढचा एक दिवा बंद असल्यास समोरून येणाऱ्यास ती मोटारसायकल वाटते आणि तो पुरेशी वाट सोडीत नाही. असे अपघात टाळण्यासाठी दिव्याचा दोष ताबडतोब दूर करणे अगत्याचे आहे. दिवा मंद होताच पुष्कळ शेतकरी नवा बल्ब आणतात. परंतु जुन्या ट्रॅक्टरात दोष पुष्कळदा बल्बात नसून गंजलेल्या जोडात असतो.

दोन्ही दिवे एकदम बंद पडल्यास प्रथम फ्यूज व नंतर स्विच तपासावा. एकच दिवा बंद असल्यास दोन्ही बाजूंच्या बल्बांची अदलाबदल करावी. चांगला बल्बही तेथे लागला नाही, तर दोष होल्डरमध्ये किंवा तारेत आहे असे समजावे. दोन्ही दिवे मंद असून इंजिनाचा वेग वाढविताच उजळत असतील, तर बॅटरी व पट्ट्याचा ताण पाहावा.

एकच दिवा मंद असल्यास बहुधा ‘अर्थ’ खराब असतो. वीज बॅटरीतून तारेने दिव्याकडे जाते. परत मात्र ती ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्यातून येते. जोडाच्या ठिकाणी गंज, रंग वा चिखल साचल्यास तिची वाट अडते. परीक्षा सोपी आहे. एका जाड तारेचे एक टोक दिव्याच्या अर्थ-जोडास व दुसरे बॅटरीच्या सांगाड्याला जोडलेल्या टोकास लावावे. दिवा उजळल्यास दोष अर्थाचाच होय. मग बॅटरीची अर्थ-तार सोडवून तो जोड उघडावा, धातू चमकेपर्यंत काचकागदाने घासावा, घट्ट आवळावा व वरून व्हॅसलीन लावावे.

फ्यूज वारंवार जळत असल्यास त्याजागी साधी तार कधीही बांधू नये. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे १० अँपियर वीज घेतात. याहून फार अधिक वीज वाहू लागली, म्हणजे कोठेतरी तारेचे आवरण झिजून ती सांगाड्यास टेकली असण्याचा संभव असतो. अशा वेळी फ्यूजऐवजी तार असल्यास वायरिंगच तापून पेट घेते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एका सायंकाळी गावातील ट्रॅक्टर एकत्र आणून ही तपासणी करून दाखवावी. काचकागदाचा एक तुकडा व अर्ध्या तासाचे श्रम एवढ्यावर पुष्कळ दिवे पुन्हा उजळतील.