विमान उतरताना

विमान जमिनीवर उतरते ते वैमानिकाच्या नजरेवर, असे आपण समजतो. पण ढगांत किंवा धुक्यात धावपट्टी अगदी शेवटी दिसते. तोवर वैमानिक चालतो पुढ्यातल्या यंत्रांवर आणि आपल्या कानांवर. एवढ्या उंचीपर्यंत खाली या, अमुक दिशेला वळा, जरा घिरट्या घाला, असे जमिनीवरचा नियंत्रक त्याला रेडिओवरून सांगत असतो. एकाच लहरीवर हा नियंत्रक अनेक विमानांशी बोलतो. भाषा बहुधा इंग्रजी, आणि ती पुष्कळदा दोघांपैकी कुणाचीच मायबोली नसते.

म्हणून एक रीत ठरलेली आहे. गुरुजी गणित घालतात तेव्हा आकडे मुलांकडून परत म्हणवून घेतात ना? तसेच वैमानिकाने ऐकलेला हुकूम उलट म्हणून दाखवायचा आणि नियंत्रकाने तो पडताळायचा. हा पडताळा चुकला तर काय होते पाहा. १९८९ सालच्या १९ फेब्रुवारीला सिंगापूरहून निघालेले एक मालवाहू जंबो विमान क्वालालंपूरला उतरत होते. २४०० फुटांपर्यंत खाली या, असे नियंत्रकाला सांगायचे होते. तो म्हणाला, टू फोर झिरो झिरो. आता इंग्रजीत दोन म्हणजे टू, आणि ‘पर्यंत’ यालाही टूच! वैमानिकांनी पहिला टू ‘पर्यंत’ असा धरला, उरले चारशे. ‘फोर झिरो झिरो’ असे त्यांनी उलट म्हणूनही दाखवले, पण ती चूक नियंत्रकाच्या ध्यानात आली नाही. विमान टेकडीवर आदळले आणि आतले चौघेही गेले.

हा झाला आकड्याचा घोळ. पण शब्द नीट ऐकू येऊनही अनर्थ होतो, बरं का, आणि मला तो अधिक भयंकर वाटतो. १९९० सालच्या २५ जानेवारीला कोलंबिया देशाचे एक विमान १५८ माणसे घेऊन न्यूयॉर्कला आले. हवा वाईट, विमानांची रांग मोठी. नियंत्रकांनी त्याला तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून अधिक घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आले. रेडिओवर सहवैमानिक बोलत होता. आम्हांला ‘प्रायॉरिटी’ हवी, पाचच मिनिटे थांबता येईल, असे त्याने सांगितले. पण आणीबाणीचा ठरलेला शब्द त्याने उच्चारला नाही, आणि ‘प्रायॉरिटी’ची मागणी पुढच्या नियंत्रकांपर्यंत पोचलीच नाही.

दवाखान्याच्या रांगेत कुणी म्हणाले, ‘डॉक्टर, मला जरा लवकर बघा,’ तर डॉक्टर बरे म्हणतील आणि हातातला रोगी तपासत राहतील. ‘साप चावलाय’ म्हटले की सगळी रांग बाजूला होते. सहवैमानिक ‘लवकर बघा’ म्हणत होता.

उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. आणीबाणी आहे म्हणून सांग, असे कॅप्टनने त्याला बजावले. रेडिओवर गेले ते एवढेच: पुन्हा प्रयत्न करतो, इंधन संपत आले आहे. सांगितलेस का, असे कॅप्टनने परत विचारले तेव्हा हो म्हणाला. बिचाऱ्याला आपण सांगितले असेच वाटत होते. नियंत्रकाने विमानाला पुन्हा लांबून वळसा घालायला पाठवले. थोड्याच वेळात इंजिने बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या एका टेकडीवर कोसळले. ७३ माणसे दगावली. टाक्या कोरड्या असल्यामुळे आग मात्र लागली नाही.

चौकशीत मुख्य ठपका वैमानिकांवर आला. इंधनाचा हिशेब राखला नाही आणि आणीबाणी जाहीर केली नाही म्हणून. पण विमानांची गर्दी नीट हाताळली गेली नाही आणि इंधनाच्या अडचणीसाठी दोघांना सारखे कळतील असे शब्दच ठरलेले नव्हते, हेही चौकशीत नोंदले गेले.

२०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत ते शब्द आले आहेत. आणखी उशीर झाला तर राखीव साठ्याला हात लागेल, अशी वेळ आली की वैमानिक म्हणतो ‘मिनिमम फ्युएल’. ही आणीबाणी नव्हे. रांगेतला क्रम त्याने बदलत नाही. उतरताना तो साठाही उरणार नाही असे हिशेबात दिसले, की तीनदा ‘मेडे’ आणि पुढे ‘फ्युएल’. मग नियंत्रक बाकीच्या विमानांना बाजूला करून याची वाट आधी मोकळी करतो.