शुक्रवारचा सव्वा तास

6 डिसेंबर 2020, रविवार. बहरीनच्या साखीर ट्रॅकवर त्या रात्री फॉर्म्युला वनची शर्यत होती. लुईस हॅमिल्टनला कोविड झालेला, त्याच्या मर्सिडीजमध्ये तरुण जॉर्ज रसेल बसणार, त्यामुळे जगभरच्या शौकिनांचं लक्ष तिकडे. त्याच दिवशी, मोठ्या शर्यतीआधी, त्याच ट्रॅकवर फॉर्म्युला टूची शर्यत झाली आणि ती मुंबईच्या 22 वर्षांच्या जेहान दारूवालाने जिंकली. 2017 मध्ये ही मालिका आजच्या स्वरूपात सुरू झाल्यापासून तिच्यात शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या बहुतेक वर्तमानपत्रांत ती बातमी क्रिकेटच्या खाली, एका कोपऱ्यात होती.

ते साहजिकही म्हणायला हवं. फॉर्म्युला वन काय असतं, हे आमच्या रायपूरच्या चहाच्या टपरीवरही ठाऊक असतं. त्याच्या खालच्या पायऱ्या मात्र कुणी सहसा मोजत नाही. तळाशी कार्टिंग. त्यावर फॉर्म्युला फोर, मग प्रादेशिक मालिका, मग फॉर्म्युला थ्री, मग टू. या सगळ्या एका माणसाच्या गाड्या: चाकं उघडी, छप्पर नाही, चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची धातूची कमान. आणि कनिष्ठ मालिकांचा खरा कायदा असा, की गाडी सगळ्यांना सारखीच. बोर्डाच्या परीक्षेसारखं, पेपर एकच. त्या वर्षी फॉर्म्युला टूमधल्या 22 च्या 22 गाड्यांचा सांगाडा इटलीच्या दलाराचा, 3.4 लिटरचं टर्बो इंजिन फ्रान्सच्या मेकाक्रोमचं आणि टायर पिरेलीचे. फरक पडतो तो चालकात, इंजिनिअरमध्ये आणि गाडी कशी ‘बसवली’ यात. म्हणजे पंखांचा कोन, स्प्रिंगचा कडकपणा, टायरमधली हवा.

तीन दिवसांच्या या मामल्यात प्रेक्षकाला दिसतात त्या शर्यती. निकाल मात्र बराचसा शुक्रवारीच लागलेला असतो. शुक्रवारी सरावाला मिळतात 45 मिनिटं आणि क्वालिफाइंगला, म्हणजे शर्यतीत कुणी कुठून सुटायचं हे ठरवणाऱ्या फेरीला, 30 मिनिटं. एकूण सव्वा तास. मधल्या दिवसांत हवी तेव्हा गाडी काढून सराव करता येत नाही; चाचण्यांचे दिवस मोजून दिलेले असतात. फलंदाज नेटमध्ये दिवसभर चेंडू खेळू शकतो. रेसिंगमधल्या पोराला ती चैन नाही.

त्या सव्वा तासात काय काय बसवायचं? पहिल्या काही फेऱ्या ट्रॅक ओळखण्यात जातात. रबर कुठे बसलंय, वाळू कुठून उडतेय, कोणत्या वळणाआधी कुठल्या फलकापाशी ब्रेक मारायचा. गाडी पिटमध्ये परतली की इंजिनिअर लॅपटॉप उघडतो. पडद्यावर दोन रेषा असतात, एक या चालकाची आणि एक संघातल्या दुसऱ्या चालकाची. वेग, ब्रेकवरचा दाब, स्टिअरिंगचा कोन, सगळं एकावर एक ठेवलेलं. चौथ्या वळणावर दुसऱ्याने पाच मीटर उशिरा ब्रेक मारला, हे तिथे लपत नाही. सबबीला जागाच नाही. गाडीही तीच, टायरही तेच.

टायर हे स्वतंत्र प्रकरण आहे. फॉर्म्युला वनमध्ये टायर विजेच्या गोधड्यांत गुंडाळून गरम ठेवतात; टूमध्ये ती सोय नाही. गाडी गार टायरवर बाहेर पडते आणि चालक नागमोडी चालवून, ब्रेक दाबून दाबून त्यांना ऊब आणतो. मऊ रबराचा टायर एकदा नीट तापला की त्याचा उत्तम जोर एक-दोन फेऱ्यांपुरता असतो. त्याच फेरीत समोर सावकाश चाललेली गाडी आली, की ती फेरी वाया. त्यात या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. वेगात वळताना चाक अक्षरशः दंडाच्या जोरावर ओढावं लागतं, म्हणून या पोरांचे खांदे आणि मान पैलवानासारखी भरलेली दिसते.

साखीरला त्या आठवड्यात आणखी एक गंमत होती. आधीच्या रविवारी शर्यती झाल्या त्या नेहमीच्या 5.412 किलोमीटरच्या ट्रॅकवर. या खेपेला आयोजकांनी आतला वळणावळणांचा भाग वगळून बाहेरचा छोटा वळसा वापरला, 3.543 किलोमीटरचा. त्यावर आधी कुणीच शर्यत केली नव्हती, त्यामुळे जुन्या आकडेवारीचा कुणालाच पुरेसा उपयोग नव्हता. शिवाय 22 गाड्या एकाच वेळी ट्रॅकवर आल्या, तर दोन गाड्यांमध्ये सरासरी 160 मीटर अंतर उरतं. क्वालिफाइंगमध्ये मोकळा रस्ता मिळणं हेच निम्मं यश.

तेव्हा मुख्य शर्यत शनिवारी असे. ती 170 किलोमीटर किंवा एक तासाची असते आणि तीत एकदा थांबून टायर बदलणं सक्तीचं असतं. पहिल्या येणाऱ्याला 25 गुण. ती जिंकली जपानच्या युकी त्सुनोदाने, म्हणजे कार्लिन संघातल्या जेहानच्याच जोडीदाराने. लॅपटॉपवरची ती दुसरी रेषा याचीच.

रविवारची शर्यत छोटी, 120 किलोमीटर किंवा 45 मिनिटांची. तिचा नियम नवख्या प्रेक्षकाला चक्रावून टाकतो. तेव्हाच्या पद्धतीनुसार शनिवारचे पहिले आठ जण उलट्या क्रमाने उभे राहत. आठवा सर्वांत पुढे, विजेता आठव्या जागी. कारण सरळ आहे. वेगवान पोरांना मागून वाट काढायला लावली, की कोण ओव्हरटेक करू शकतो आणि कोण नुसता मोकळ्या ट्रॅकवर पळतो, ते कळतं. हा नियम अन्यायाचा वाटतो, पण फॉर्म्युला वनचे संघ पोरं पारखायला जे बघतात, ते त्यातूनच दिसतं.

त्या रविवारी ब्रिटनचा डॅन टिक्टम आणि जेहान पुढच्या रांगेत होते. सुरुवातीच्या फेऱ्यांत त्यांच्यात मिसळला मिक शूमाकर, सात वेळच्या जगज्जेत्याचा मुलगा, त्या वर्षीच्या अजिंक्यपदाचा प्रमुख दावेदार. गर्दीत ब्रेक जोरात लागून मिकची चाकं अडकली. अडकलेलं चाक फिरत नाही, नुसतं घासतं. रबराचा एक भाग सपाट होतो आणि मग चाकाच्या दर फेऱ्याला ती गाडी चालकाच्या हाडांपर्यंत हादरते. त्याला टायर बदलायला आत यावं लागलं आणि तो 18 वा आला. तरीही हंगामाच्या एकूण गुणांत 215 विरुद्ध 201 असा प्रतिस्पर्धी कॅलम आयलटला मागे टाकून अजिंक्यपद त्यानेच घेतलं. एकीकडे ही उलथापालथ चालू असताना जेहानने टायर सांभाळले आणि आघाडी घेऊन ती टिकवली. आठव्या जागेवरून निघालेला त्सुनोदा दुसरा, टिक्टम तिसरा.

पुढच्या मोसमात त्सुनोदा फॉर्म्युला वनमध्ये होता. जेहान नव्हता.

हे कठोर वाटतं, पण या शिडीवर विजय मोजत नाहीत, सातत्य मोजतात. फॉर्म्युला वनचा ‘सुपर लायसन्स’ मिळायला सहसा वय 18 आणि तीन हंगामांत मिळून 40 गुण लागतात. फॉर्म्युला टूमध्ये वर्षअखेर पहिल्या तिघांत आलं, की ते एका फटक्यात मिळतात. फॉर्म्युला फोरचा विजेता झालात तर फक्त 12. जेहान 2020 च्या हंगामात एकूण 12 वा आला. नंतर तीन वर्षं तो त्याच मालिकेत राहिला, मोंझासारख्या ट्रॅकवर जिंकला आणि पुढे विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ई मालिकेत मासेरातीच्या संघाकडे गेला. तो कमी पडला म्हणण्याआधी तो निघाला कुठून, हे बघायला हवं. 2011 मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभर केलेल्या शोधात निवडलेल्या तिघांपैकी तो एक. कार्टिंगचे धडे मुंबईत, रेयोमंड बनाजी यांच्या हाताखाली. मग किशोरवयातच इंग्लंड. 2017 मध्ये त्याने न्यूझीलंडची ग्रां प्री जिंकली, तेव्हा तो 18 वर्षांचा होता. युरोपातलं पोर शाळा सुटल्यावर ज्या ट्रॅकवर जातं, तिथे पोहोचायला भारतीय पोराला घर सोडावं लागतं.

आणि पैसा. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च साधारण 20 ते 30 लाख युरो सांगितला जातो, म्हणजे वीस-तीस कोटी रुपये. प्रायोजक नसेल तर श्रीमंत बापाचंही धाबं दणाणतं.

भारतात आता या शिडीची खालची पायरी आहे. मोटर स्पोर्टची जागतिक संघटना एफआयए हिने मान्यता दिलेली फॉर्म्युला फोर इंडियन चॅम्पियनशिप 2023 पासून चालते. पहिल्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर जिंकला, दुसऱ्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा अकील अलीभाई. दोन्ही वेळा विजेते परदेशी, यावर हळहळण्यापेक्षा दुसरी बाजू बघावी. आपली पोरं आता त्यांच्याशी घरच्या अंगणात, त्याच मायगेल गाडीत झुंजतात. वयाची अट 15 पूर्ण. म्हणजे स्कूटीवर शाळेत गेलं तर पोलीस ज्याला अडवतील, तो मुलगा इथे ताशी दोनशेच्या वर वेगाने कायदेशीर गाडी चालवतो.

या मालिकेचा सर्वांत गाजलेला वीकएंड चेन्नईचा. 31 ऑगस्ट आणि 1 सप्टेंबर 2024 ला आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या रोजच्या रस्त्यांचाच साडेतीन किलोमीटरचा ट्रॅक करून रात्री, दिव्यांच्या झोतात शर्यती झाल्या. भारतात अशी रात्रीची रस्त्यावरची शर्यत प्रथमच होत होती. खरं तर ती आधीच्या डिसेंबरात व्हायची होती, पण मिचाँग चक्रीवादळाने शहर पाण्यात घातलं. नव्या तारखेलाही शनिवारी पाऊस आला, ट्रॅकची तपासणी लांबली आणि वेळापत्रक कोलमडलं. अशा वेळी सराव कापला जातो. सव्वा तासाचा अर्धा तास झाला, की अनुभवी चालकाला फायदा आणि नवख्याला भिंत. रस्त्यावरच्या ट्रॅकला कडेला वाळू नसते, काँक्रीट असतं.

कायमचे ट्रॅक देशात मोजकेच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा, कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे 2011 ते 2013 फॉर्म्युला वन आलं आणि तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटल जिंकला. कोइंबतूरचा ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाचा. मारुतीचं इंजिन बसवून स्वस्तातली देशी सिंगल सीटर बनवणारा हा माणूस 1995 मध्ये विमान अपघातात गेला, पण त्यांनी दाखवलेल्या वाटेवर देशी फॉर्म्युला गाड्यांची राष्ट्रीय शर्यत आजही चालते. युरोपच्या मानाने तिचा खर्च किरकोळ. माझ्या मते भारतीय रेसिंगचा कणा हीच मालिका आहे, झगमगाटाच्या रात्री नव्हेत.

महाराष्ट्रात या सगळ्याची मुळं कोल्हापुरात सापडतात. तिथल्या मोहिते रेसिंगच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि तिथून निघालेली पोरं पुढे फॉर्म्युला गाड्यांत बसली. कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आठवते, पण तिथे इंजिन खोलून बसणाऱ्या हातांचीही परंपरा आहे.

रायपुरातच काय, अख्ख्या छत्तीसगढमध्ये फॉर्म्युला गाडी पळवता येईल असा कायमचा ट्रॅक नाही. इथल्या मराठी घरातल्या पोराला हे वेड लागलं, तर पालकांनी आधी हिशेब करावा. सात-आठ वर्षांच्या वयापासून कार्टिंग सुरू होतं, त्यासाठी कोल्हापूर, बेंगळुरू किंवा चेन्नई गाठावं लागेल. चेन्नईला बिलासपूरहून निघणारी थेट एक्स्प्रेस रायपूरवरून जाते. स्पर्धेत उतरायला एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचा परवाना लागतो. आधी नुसतं बघायला एक वीकएंड जाऊन या, आणि शक्यतो शुक्रवारीच पोहोचा. पिटच्या आसपास इंजिनिअर आणि पोरं बोलताना ऐकू येतात. तोवर मोटारसायकल घेऊन नवा रायपूरच्या मोकळ्या सहापदरी रस्त्यांवर रात्री ‘रेस’ लावणाऱ्या टोळक्यात तुमचं पोर नाही ना, एवढं मात्र आजच बघून घ्या.